आईच्या गाठी, मुलीची पिशवी

"तुझ्या आईला होत्या ना गाठी? मग तुलाही होणारच. मुलं झालीत ना? टाक काढून पिशवी, कटकट मिटेल."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत रावेतमध्ये मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता ते पाठ झालंय. कुणाला दवाखान्यात सांगितलेलं असतं, कुणाला सोनोग्राफीच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने, कुणाला थेट सासूने. ऐकणारी कधी आयटीतली असते, कधी चाकणच्या कंपनीत कंत्राटावर, कधी आमच्याच सोसायटीत चार घरच्या पोळ्या करणारी. वयं ३२, ३६, ३८. आणि वाक्याच्या शेवटी ठेवणीतला शब्द येतो : "आनुवंशिक आहे हो." तो ऐकला की बाई गप्प होते. रक्तातच आहे म्हटल्यावर विचारायचं तरी काय?

मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. म्हणूनच तो धमकीसारखा वापरलेला पाहून राग येतो. ही पोस्ट मोठी आहे, पण घरातल्या बायकांसाठी वाचा. पुरुषांनी जास्त वाचा, कारण ऑपरेशनच्या कागदावर सही करताना शेजारी तुम्ही उभे असता.

आधी गाठ म्हणजे काय ते. गर्भाशयाची भिंत स्नायूची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी बिघडते आणि वाढत सुटते, तिच्याच पिल्लावळीची गाठ होते. हा फायब्रॉइड. एका पिशवीत एक असेल, दहा असतील, वाटाण्याएवढी असेल किंवा नारळाएवढी. ती कॅन्सर नसते. गाठ समजून काढलं आणि आत कॅन्सर निघाला असं होतं, पण त्याचं प्रमाण शेकड्यात नव्हे, हजारात मोजावं लागतं. पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात, कारण त्यांना वाढवणारी हार्मोन्सच कमी होतात. (पाळी गेल्यानंतरही गाठ वाढत असेल किंवा पुन्हा रक्त जायला लागलं, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.)

आता आनुवंशिकतेचं. २०११ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधकांनी ८० बायकांच्या २२५ गाठी तपासल्या. त्यातल्या १५९ गाठींत, म्हणजे सुमारे ७० टक्के गाठींत, एकाच जनुकात बिघाड सापडला. त्या जनुकाचं नाव मेड-१२, जागा एक्स गुणसूत्रावर. एवढं ऐकलं की आपल्याकडे लगेच म्हणतील, बघा, आईकडूनच आलं! पण तो बिघाड फक्त गाठीत होता. त्याच बाईच्या गाठीबाहेरच्या निरोगी स्नायूत तो नव्हता. म्हणजे तिने तो आईच्या पोटातून आणला नव्हता, तिच्या स्वतःच्या गर्भाशयात, तिच्या हयातीत, एका पेशीत तो घडला होता. एकाच पिशवीतल्या दोन गाठींत दोन वेगवेगळे बिघाडही सापडतात. दोघी शेजारणी, पण जन्म स्वतंत्र. असाच बिघाड काही गाठींत बाराव्या गुणसूत्रावरच्या एचएमजीए-२ या जनुकाच्या आसपास होतो. तोही गाठीपुरता.

म्हणजे जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द एक नाहीत. बारावीच्या पोरांना हा फरक समजावताना मी वहीचं उदाहरण द्यायचे. मूळ वहीतच चूक असेल तर तिच्या प्रत्येक झेरॉक्समध्ये ती येणार, ही आनुवंशिक. मूळ वही ठीक आहे, पण मधल्या एका झेरॉक्सवर शाई सांडली, तर पुढे त्या झेरॉक्सवरून काढलेल्या प्रतींतच डाग येणार, ही जनुकीय पण आनुवंशिक नव्हे. बहुतेक फायब्रॉइड या दुसऱ्या जातीचे.

मग आईकडून काहीच येत नाही का? येतं, थोडं येतं. आई किंवा सख्ख्या बहिणीला फायब्रॉइड असतील तर आपल्याला होण्याची शक्यता साधारण दोन ते अडीच पट दिसते. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्येच तीन गुणसूत्रांवर अशा जागा शोधल्या जिथला छोटासा फरक जोखीम वाढवतो. पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा आणखी कितीतरी जागा सापडल्या. पण प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. मीठ, मोहरी, हिंग असं थोडंथोडं. एकट्या कुठल्याच जागेवरून कुणाच्या पिशवीचा निकाल लावता येत नाही. शिवाय हे अभ्यास मुख्यतः युरोपीय, जपानी आणि आफ्रिकी-अमेरिकी बायकांवर झालेत. आपल्या देशात दहा हजार लोकांचे जीनोम वाचायचा सरकारी प्रकल्प झाला ही चांगली सुरुवात आहे, पण त्यातून मराठवाड्यातल्या किंवा मावळातल्या बाईच्या गाठीचं भाकीत कुणी करू लागलं तर त्याला हात जोडा. हल्ली लाळेचा नमुना घेऊन सगळ्या आजारांची कुंडली देणारी पाकिटं विकतात, त्यांनाही तेच.

आणि 'दुप्पट' या शब्दाला घाबरण्याआधी एक आकडा बघा. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये बायकांची सोनोग्राफी करून एक अभ्यास झाला, तो २००३ मध्ये छापून आला. पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळपास ७० टक्के आणि काळ्या बायकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड होतात, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यातल्या कितीतरी जणींना आपल्या पोटात गाठ आहे याचा पत्ताही नव्हता. जी गोष्ट इतकी सर्रास आहे ती आईलाही असते, मावशीलाही, शेजारच्या काकूंनाही. सोनोग्राफी केली की दिसणारच. दिसली म्हणून काढायची तर अर्ध्या रावेतच्या पिशव्या काढाव्या लागतील.

एक अपवाद आहे, आणि तो खरोखर आनुवंशिक आहे. एफएच नावाचं जनुक. बारावीच्या पुस्तकातलं क्रेब्ज चक्र आठवतंय? त्यात फ्युमरेटचं रूपांतर करणारं एक विकर असतं, ते या जनुकामुळे बनतं. २००२ साली कळलं की काही घराण्यांत हे जनुकच बिघडलेलं असतं. तिथे पन्नास टक्के शक्यतेने ते आईकडून किंवा वडिलांकडून (हो, वडिलांकडूनही) मुलीला मिळतं. अशा बायकांना विशी-तिशीतच खूप गाठी होतात, अंगावर छोट्या टणक, दुखऱ्या गाठी येतात, आणि घरात कुणाला तरी किडनीचा कॅन्सर झालेला असतो, तोही कमी वयात. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण इथे घराण्याचा इतिहास विचारणं जीव वाचवणारं ठरतं, कारण किडनीवर लक्ष ठेवता येतं. आता मला सांगा, "आईला होत्या का?" असं विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे "घरात कुणाला किडनीचा कॅन्सर होता का?" असं विचारलं? मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकीलाही हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. म्हणजे आनुवंशिकता जिथे उपयोगाची तिथे कुणाला आठवत नाही, आणि जिथे ऑपरेशन गळी उतरवायचं तिथे बरोब्बर आठवते.

हे मी उगाच संशय म्हणून लिहीत नाही. बीड आठवा. २०१९ च्या उन्हाळ्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलेला आकडा असा : तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

त्या बायकांना काय सांगितलं गेलं होतं? पांढरं जातंय, पोट दुखतंय, पिशवी खराब झाली, गाठ आहे, कॅन्सर होईल. तिथे कॅन्सरची भीती होती, इथे 'आनुवंशिक' आहे. शब्द बदलला, काम तेच. आणि बायकाही मूर्ख नव्हत्या बरं का. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते. पाळीत किंवा आजारपणात दिवस बुडला की मुकादम खाडा लावतो. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. दर महिन्याला चार दिवस बुडण्यापेक्षा एकदाच कर्ज काढून पिशवी काढलेली परवडली, असा तो हिशोब होता. हिशोबात चूक नव्हती. ज्या जगण्यात तो हिशोब बरोबर ठरतो, त्या जगण्यात चूक होती.

बाईच्या पोटातल्या गाठीचा असा वापर बीडपुरता नाही. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये १९६१ साली फॅनी लू हेमर नावाची कापूस वेचणारी काळी बाई गर्भाशयातली गाठ काढायला दवाखान्यात गेली. तिला न विचारता डॉक्टरांनी गर्भाशयच काढून टाकलं. पुढे ती नागरी हक्क चळवळीतली मोठी नेता झाली आणि याबद्दल जाहीर बोलली. त्या भागात काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं होत होतं की त्याला लोकांनी उपरोधाने 'मिसिसिपीचं अपेंडिक्स' असं नाव दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, बीड, मिसिसिपी ठीक आहे, रावेतचा काय संबंध? आपल्या मुकाई चौकात सकाळी सहाला उभं राहून बघा. कंपन्यांच्या बसमध्ये चढणाऱ्या मुलींना गाव विचारा. बीड, लातूर, धाराशिव, परभणी. ऊस सुटला, लाइनवर उभं राहणं आलं. आठ-आठ तास उभं राहून काम, संडासला जायला सुपरवायझरची परवानगी, आणि एक खाडा पडला की हजेरी बोनस गेला. अंगावरून खूप जात असेल तर ही बाई काय करणार? महिन्याला तीन सुट्ट्या मागितल्या तर कंत्राटदार पुढच्या महिन्यात दुसरी आणतो. म्हणून तीही तोच हिशोब करते, जो तिच्या आईने फडात केला होता. आईकडून मुलीकडे खरं काय आलं असेल तर ते हे.

आणि वरच्या मजल्यांवरच्या आम्हा बायकांचंही फार वेगळं नाही. तिथे मेडिक्लेम असतो. तपासणी, औषधं, सहा महिने वाट बघणं याला मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही, ऑपरेशनला देतो. मग कॅशलेस आहे तर करून टाका, असं ठरतं. गरीब बाईची पिशवी खाड्यापायी जाते, आमची कॅशलेसपायी.

गैरसमज नको. गर्भाशय काढणं हे कधीकधी योग्यच असतं. हिमोग्लोबिन सहावर आलंय, गोळ्या-उपाय करून झालेत, गाठी मोठ्या आहेत, बाईने स्वतः विचार करून ठरवलंय, तर ते ऑपरेशन तिला नवं आयुष्य देतं. अशा बायका माझ्या ओळखीत आहेत आणि त्या खूश आहेत. चांगले स्त्रीरोगतज्ज्ञही या शहरात भरपूर आहेत, आधी गोळ्या देतो, बघू, म्हणणारे. माझा आक्षेप एवढाच की ऑपरेशन ही शेवटची पायरी आहे आणि ती पहिली म्हणून दाखवली जाते. मधल्या पायऱ्या आहेत : रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल, गाठी तात्पुरत्या आक्रसवणारी इंजेक्शनं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया, आणि फक्त गाठ काढून पिशवी ठेवणं. काहीच त्रास नसेल तर काहीच न करणं, हाही उपचारच आहे. चाळिशीच्या आत पिशवी काढली तर बीजकोश ठेवूनही पाळी जाण्याची लक्षणं लवकर येऊ शकतात. बीजकोशही काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. "आता मुलं झाली, पिशवीचं काय काम" म्हणणाऱ्यांनी हे पंचेचाळिशीत गुडघे-कंबर धरून बसलेल्या बाईला विचारावं.

आता सरकार. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्या सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा तो आदेश. त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. किती वयाच्या, काय काम करणाऱ्या बायकांची पिशवी काढली याची माहिती गोळा करायची आहे. बीडमध्ये त्याआधीच, खासगी रुग्णालयाने पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियम झाला होता. बदनामी झाली म्हणून का होईना, तिथे मोजायला तरी सुरुवात झाली. आपली बदनामी झालेली नाही, म्हणून आपल्याला मोजायची गरज नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी तीन टक्क्यांहून थोड्या जास्त जणींची पिशवी काढलेली आढळते, आणि त्यातली साधारण दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगीत. पण हा देशाचा आकडा झाला. पिंपरी-चिंचवडचा, वयानुसार, रुग्णालयानुसार आकडा नागरिकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली महापालिकाच करते. डेंग्यूचे रुग्ण मोजते, तशा पिशव्याही मोजाव्यात. वायसीएममध्ये स्त्रीरोग विभाग आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस फक्त दुसरं मत देण्यासाठी ओपीडी ठेवली तरी शेकडो बायकांना आधार होईल. मी म्हणते, चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर अशा दुसऱ्या मताचा कागद फाइलमध्ये असलाच पाहिजे. डॉक्टर मंडळींना हा अविश्वास वाटेल. वाटू दे. प्रामाणिक डॉक्टरला दुसऱ्या मताची भीती नसते.

आणि आपले भावी, माजी, आजी नगरसेवक दर वाढदिवसाला महिला आरोग्य शिबिर भरवतात. फ्लेक्स एवढा की बास्केट ब्रिज झाकेल. तिथे वजन, बीपी आणि एखाद्या खासगी सेंटरचं सोनोग्राफीचं सवलतीचं कूपन मिळतं. कूपनवरून सोनोग्राफी, सोनोग्राफीत गाठ, गाठीवरून ऑपरेशन. दादा, कूपन राहू द्या. हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्या द्या. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, ही त्याच पाहणीतली गोष्ट आहे.

नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी एक कामाची गोष्ट. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू असतं, कंत्राटावर असलात तरी. हप्ते पुरेसे भरले गेले असतील तर डॉक्टरी दाखल्यावर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. पाळीत फार रक्त जाणं हा आजार आहे, नखरा नाही. कंत्राटदाराकडून कार्डाचा नंबर मागून घ्या. दुसरं मत घेणं आणि आपल्या कागदांची प्रत मिळणं हे दोन्ही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहेत, आणि राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक खासगी रुग्णालयात लावणं बंधनकारक आहे. रिसेप्शनवर शोधा. कुंडीमागे सापडतं कधीकधी.

घरात आईची किंवा मावशीची पिशवी काढलेली असेल तर तेव्हाचा बायोप्सीचा कागद शोधून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवा. त्या कागदावर खरोखर काय होतं ते लिहिलेलं असतं. "गाठ होती" यापलीकडे बहुतेक घरांत काही माहीत नसतं, आणि कधीकधी तर गाठही नव्हती असं निघतं.

मी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतेय : शहरातल्या नोंदणीकृत रुग्णालयांत मागच्या तीन वर्षांत किती गर्भाशयं काढली, किती बायका चाळिशीच्या आतल्या होत्या, आणि देखरेख समितीची बैठक कधी झाली. उत्तर आलं की इथेच टाकीन. रावेत, किवळे, पुनावळे, वाल्हेकरवाडी भागातल्या ज्या महिला मंडळांना किंवा बचत गटांना सोबत स्वतंत्र अर्ज द्यायचा असेल त्यांनी मेसेज करा, मसुदा पाठवते. कुणाचा अनुभव सांगायचा असेल तर कमेंटमध्ये डॉक्टरांचं किंवा बाईचं नाव टाकू नका, वय आणि काय सांगितलं गेलं एवढंच लिहा.